स्प्रिंकलरच्या पंपाचा आकार: डोक्यांच्या संख्येवरून ठरवू नये

आपला प्रश्न असा आहे की तेरा मजली कार्यालयीन इमारतीत, जिच्या तळघरात पार्किंग आणि पंपघर आहे, ठेकेदाराने स्प्रिंकलरची एकूण संख्या मोजून 2850 लिटर प्रतिमिनिट आणि 100 मीटर हेडचा (पंप पाणी जितक्या उंचीवर चढवू शकतो ते हेड, म्हणजेच त्याचा दाब) पंप सुचवला आहे, आणि मोठा पंप घेतला म्हणजे सुरक्षितता वाढली असे त्यांचे म्हणणे आहे. माझ्या मते हे म्हणणे चुकीचे आहे.

आग लागली की इमारतीतले सगळे स्प्रिंकलर, म्हणजे छतावरची पाणी फवारणारी डोकी, एकदम उघडत नाहीत. आगीच्या उष्णतेने ज्यांचे काचेचे बल्ब फुटतात तेवढेच उघडतात. म्हणून मानके एक ठरावीक क्षेत्र गृहीत धरतात. ईएन 12845 या युरोपीय स्प्रिंकलर मानकाप्रमाणे कार्यालयासाठी 72 चौरस मीटरवर आणि पार्किंगसाठी 144 चौरस मीटरवर, दोन्हीकडे मिनिटाला 5 मिलिमीटर पाणी पडले पाहिजे, म्हणजे अनुक्रमे 360 आणि 720 लिटर. पंपाजवळची डोकी जास्त पाणी सोडतात, हे धरून 400 आणि 800 समजू. (आपल्या सल्लागाराने दुसरे मानक घेतले असेल तर शेवटपर्यंत त्याचेच आकडे वापरावेत, सरमिसळ करू नये.)

आता दाब पाहू. एक स्प्रिंकलर 12 चौरस मीटर झाकत असेल तर त्यातून 60 लिटर निघाले पाहिजेत, आणि के-80 च्या डोक्याला (1 बार दाबाला मिनिटाला 80 लिटर सोडणाऱ्या) त्यासाठी 0.56 बार लागतो. सर्वांत वरचे डोके पंपापासून 45 मीटर उंच असेल तर त्या चढाचे 4.4 बार, आणि नळ, जोड व अलार्म व्हॉल्व्ह यांतील घर्षणाचे समजा 1.2 बार. बेरीज 6.2 बार, म्हणजे साधारण 63 मीटर. तळघराला पाणी दुप्पट लागते, पण चढ जवळजवळ नसल्याने तिथे 2 बार पुरतात. ही दोन्ही गणिते वेगवेगळी करावीच लागतात, कारण एक दाब ठरवते आणि दुसरे प्रवाह. यावरून 70 मीटर हेड पुरेसे आहे. प्रवाहाच्या बाबतीत मात्र राष्ट्रीय बांधकाम संहितेच्या चौथ्या भागातील तक्ता आपल्या इमारतीसाठी जी किमान क्षमता मागतो, उदाहरणार्थ 2280 लिटर, ती पाळावीच लागेल. हेड मात्र आपल्या हातात आहे.

जास्त हेडचा तोटा कुठे होतो, ते पंप बंद व्हॉल्व्हवर चालत असताना दिसते. शून्य प्रवाहाला दाब ठरलेल्या हेडच्या 120 टक्के धरला, तरी 100 मीटरचा पंप 120 मीटर देतो; त्यात भरलेल्या टाकीचे 3 मीटर मिळवले की 12 बार झाले, आणि नेहमीच्या स्प्रिंकलरची मर्यादाच तेवढी असते. एनएफपीए 20 या अमेरिकी अग्निशमन-पंप मानकात 140 टक्क्यांपर्यंत सूट आहे. तशा वक्राचा (प्रवाहानुसार दाब कसा बदलतो ते दाखवणाऱ्या आलेखाचा) पंप आला तर 14 बार होतील. मी एका इमारतीच्या चाचणीत गेजचा काटा 13 च्या पुढे गेलेला आणि पंपघरातील फ्लँजच्या गास्केटमधून पाण्याची बारीक धार लागलेली पाहिली आहे. 70 मीटरचा पंप 140 टक्क्यांवरही 10 बारच्या आतच राहतो.

दुसरी गोष्ट सहसा कोणी तपासत नाही, आणि मला तीच जास्त गंभीर वाटते. दाब वाढला की उघड्या डोक्यातून पाणीही त्याच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढते. तळघरात आग लागली तर ठेकेदाराचा पंप 800 ऐवजी सुमारे 1850 लिटर ओतेल, आणि तासाभरासाठी म्हणून ठेवलेले 48,000 लिटर 26 मिनिटांत संपतील. 2280 लिटर आणि 70 मीटरच्या पंपावरही हा आकडा 1550 च्या आसपास राहतो. म्हणून तळघराच्या शाखेवर दाब कमी करणारा व्हॉल्व्ह घालून गणित पुन्हा करावे, नाहीतर टाकी या मोठ्या प्रवाहावरून ठरवावी.

ठेकेदाराकडे लेखी हायड्रॉलिक गणित आणि पंपाचा वक्र मागा. वक्रावर शून्य, 100 आणि 150 टक्के प्रवाहाचे आकडे असले पाहिजेत, आणि 150 टक्के प्रवाहाला निदान 65 टक्के हेड शिल्लक असले पाहिजे. मोटरही त्या 150 टक्क्यांवर तपासून घ्या. हे कागद हाती येईपर्यंत ऑर्डर देऊ नका.