तुर्कस्तानच्या सहलीत शाकाहारी माणसाला तिथले पारंपरिक जेवण मिळते का, की रोज भारतीय जेवण देणारीच सहल निवडावी?

मिळते, आणि पोटभर मिळते. रोज रात्री भारतीय जेवण देणारी सहल निवडू नका. आपण दोघेही शाकाहारी आहात, ८ दिवसांसाठी जाणार आहात, जेवणाचा खर्च किती येईल हे आपल्याला हवे आहे आणि घरची वडीलधारी मंडळी "तिकडे मांसाशिवाय काही मिळत नाही" असे सांगत आहेत, असे आपण प्रश्नात लिहिले आहे. हे शेवटचे वाक्य वाचले आणि उत्तर लिहिल्यावाचून राहवले नाही, कारण तेच वाक्य मी संपूर्ण सहलभर, दिवसातून दोनदा, माझ्या थोरल्या दिरांच्या तोंडून ऐकलेले आहे.

आम्ही जळगावचे. २०१९ च्या सप्टेंबरात मी, यजमान, भाऊजी आणि जाऊबाई असे चौघे एका सहल कंपनीबरोबर गेलो होतो. इस्तंबूल, कपाडोकिया, कोन्या, पामुक्काले, कुशादासी असा नेहमीचा मार्ग होता. पत्रकात "स्थानिक खाद्यसंस्कृतीची ओळख" असे ठळक छापलेले होते. प्रत्यक्षात ७ रात्रींपैकी ६ रात्री आमची बस भारतीय हॉटेलासमोर उभी राहिली आणि पातळ डाळ, जिरा राईस, पनीरची लाल भाजी आणि मैद्याची रोटी हेच ताटात आले. भाऊजींची त्याबद्दल काहीच तक्रार नव्हती. त्यांच्या गळ्यात तुळशीची माळ आहे, त्यांचे नियम काटेकोर आहेत आणि त्या नियमांबद्दल मला पूर्ण आदर आहे. परंतु त्यांनी दशम्या, शेव आणि मेतकूट यांनी एक बॅग भरून घेतली होती आणि चवही न घेता त्या देशाचे स्वयंपाकघर त्यांनी निकालात काढले होते, ते मला तेव्हाही पटले नाही आणि आजही पटत नाही.

गोरेमेजवळ उचिसारचा डोंगर दिसतो अशा एका ठिकाणी आमची बस अर्धा तास थांबली होती. रस्त्याकडेला एका मांडवात डोक्याला रुमाल बांधलेली एक प्रौढ बाई ठेंगण्या गोल पाटासमोर मांडी घालून बसली होती आणि गोझलेमे करीत होती. गोझलेमे म्हणजे सारण भरून भाजलेली, कागदासारखी पातळ पोळी. आपल्या लाटण्यापेक्षा बारीक आणि त्याच्या दुप्पट लांब अशा काठीला ते लोक ओक्लावा म्हणतात. बाईने लिंबाएवढा उंडा घेतला, चार हात लाटला, मग ती पोळी काठीवरच गुंडाळली, गुंडाळताना दोन्ही तळवे मधून कडेला सरकवीत नेले आणि काठी झटक्यात उलगडली. प्रत्येक उलगडण्यासरशी पोळी चार बोटे वाढत होती. शेवटी तिच्यातून खालच्या पाटाचे लाकूड दिसू लागले. मग तिने अर्ध्या भागावर चिरलेला पालक आणि पांढरे खारट चीज भुरभुरले, दुसरा अर्धा भाग त्यावर घातला आणि ती घडी साजवर टाकली. साज म्हणजे लोखंडाचा मोठा, फुगीर, उपडा तवा. खाली लाकडाचा जाळ होता. मला तिथून हलवेना, कारण माझ्या सासूबाई असेच उपडे मातीचे खापर चुलीवर ठेवून मांडे करीत असत. खानदेशात मांडा लाटत नाहीत, पुरण भरलेला उंडा दोन्ही हातांवर फिरवीत वाढवीत नेतात. त्यांच्याकडे काठी आणि आपल्याकडे हात, एवढाच फरक. खाली जाळ, वर घुमट आणि त्यावर पडलेली पोळी यांत मात्र काही फरक नव्हता. युफ्का आणि लवाश या पोळ्या करण्याची व वाटून खाण्याची पद्धत २०१६ मध्ये युनेस्कोने तुर्कस्तानासह ५ देशांच्या नावे वारसा म्हणून नोंदवलेली आहे, हे मला नंतर कळले. त्या बाईने माझे टक लावून पाहणे पाहिले, बाजूला सरकली आणि ओक्लावा माझ्या हातात दिला. माझ्या दोन पोळ्या फाटल्या, तिसरी जमली. ती मी साजवर टाकली आणि तिथेच बसून खाल्ली.

यात बसला १० मिनिटे उशीर झाला. मी वर चढले तेव्हा ३० - ३५ माणसांसमोर भाऊजी म्हणाले, "आई मांडे करायची तेव्हा तुला शेजारी बसायला सवड नव्हती, आणि इथे परक्या बाईच्या चुलीशी बसायला बरी सवड आहे." मी ३१ वर्षे शाळेत शिकवले. सासूबाईंचे खापर सकाळी तापत असे आणि माझी शाळाही सकाळचीच होती. त्यांच्याकडून मांडे शिकायचे राहून गेले याचे मला वाईट वाटते, आणि ते भाऊजींना ठाऊक होते. त्या दिवशी मी काहीही बोलले नाही.

कुशादासीला मात्र मी ऐकले नाही. इफिसस या प्राचीन शहराचे अवशेष पाहून झाल्यावर दुपार मोकळी होती. मंडळी दुपारच्या भारतीय जेवणाला गेली आणि मी व जाऊबाई बाजारामागच्या एका एस्नाफ लोकान्तासीत गेलो. हे नाव पाठ करून ठेवा. एस्नाफ म्हणजे दुकानदार, कारागीर मंडळी. त्यांच्या दुपारच्या जेवणासाठी चालणारी ही साधी खाणावळ असते. सकाळी शिजवलेले पदार्थ काचेमागे मांडलेले असतात, आपण बोट दाखवायचे आणि ताट भरून घ्यायचे. भाषा आली नाही तरी अडत नाही. दुपारी १२ ते १ च्या सुमारास जावे, उशिरा गेल्यास चांगले पदार्थ संपलेले असतात.

तिथे आम्ही ज्या पदार्थांचे ताट घेतले त्यांना झेयतिन्याली म्हणतात, म्हणजे ऑलिव्हच्या तेलातले. फरसबी, लीक म्हणजे जाड कांद्याच्या पातीसारखी भाजी, आर्टिचोक नावाची कळीची भाजी, चवळीपेक्षा मोठे बारबुन्या नावाचे दाणे, यांतले जे काही असेल ते कांदा, टोमॅटो, चिमूटभर साखर आणि भरपूर ऑलिव्ह तेल घालून मंद आचेवर शिजवतात, त्याच भांड्यात निववतात आणि गारच वाढतात. गार भाजी पाहून आपला माणूस नाक मुरडतो. मुरडू नका, ते तेल तुपासारखे थिजत नाही आणि निवल्यावरच भाजीची गोडी पुढे येते. त्या ताटात इमाम बायिल्दीही होते. इमाम बायिल्दी म्हणजे "इमाम बेशुद्ध पडला". अख्खे वांगे तेलात मऊ करून, पोटात चीर देऊन, त्यात कांदा, लसूण आणि टोमॅटो भरून शिजवलेला हा पदार्थ आहे. इमाम चवीने बेशुद्ध पडला असे काही जण सांगतात, तर बायकोने त्यात किती तेल ओतले ते ऐकून पडला असे इतर सांगतात. मी जळगावची सून आहे. कापसाच्या काड्यांच्या जाळावर भाजलेल्या वांग्याचे भरीत खाणारी माणसे वांग्याच्या बाबतीत सहजासहजी कोणाला मान देत नाहीत. त्या वांग्याला मी मान दिला. त्याची साल चमच्याने तुटत होती, आतला कांदा जवळजवळ मुरांब्यासारखा झाला होता आणि मसाला म्हणावा असा एकही नव्हता. जाऊबाईंनी ताटातले तेलसुद्धा पावाने पुसून घेतले.

संध्याकाळी बसमध्ये जाऊबाईंनी उत्साहाने सांगितले की द्राक्षाच्या पानांत भात भरलेले, यालांजी दोल्मा नावाचे काहीतरी फार सुंदर होते. वाटाड्याने सहज माहिती दिली की यालांजी म्हणजे खोटा, लबाड. आत खिमा नसतो म्हणून ते नाव पडले. भाऊजींना हेच हवे होते. "ऐकलेत? त्यांच्या लेखी मांस नसलेला पदार्थ खोटाच. अशा ठिकाणी आपण काय चव शोधणार?" असे ते म्हणाले, बस हसली आणि तो वाद तिथे त्यांनी जिंकला. घरी परतल्यावरही कोणी पाहुणे आले आणि सहलीचा विषय निघाला, की हा किस्सा ते आवर्जून सांगतात.

त्या वेळी मला सुचले नाही ते आता लिहिते. माझे माहेर जुन्नरचे. आमच्याकडे मासवडी करतात. शिजवलेल्या बेसनाच्या पोळीत तीळ, खोबरे, कांदा आणि लसूण यांचे सारण भरून तिला माशासारखा आकार देतात आणि झणझणीत रश्शाबरोबर वाढतात. तिच्यात मासा औषधालाही नसतो. म्हणून मासवडी हा खोटा मासा आहे, ती मासे न परवडणाऱ्यांची तडजोड आहे, असे जुन्नरात कोणी म्हणून पाहावे. नावात मासा आला म्हणून तिचा मान उणा झालेला नाही. यालांजी दोल्म्याचे तेच आहे. त्यात तांदूळ, कांदा, बेदाणे, चिलगोजासारख्या बिया, पुदिना आणि किंचित दालचिनी असते, आणि रोज मांस खाणारी तुर्की माणसेही तो लिंबू पिळून आवडीने खातात. झेयतिन्याली ही त्यांच्या जेवणातली स्वतंत्र पंगत आहे. मांस न खाणाऱ्या पाहुण्यासाठी ऐनवेळी केलेली ती सोय नाही. शाकाहारी स्वयंपाक फक्त आपल्यालाच जमतो, हा अभिमान आपण परदेशात बॅगेत भरून नेतो आणि त्यापायी समोरचे ताट परत पाठवतो, असे माझे स्पष्ट मत आहे.

सकाळची काळजी तर मुळीच करू नका. न्याहारीला ते काहवाल्ती म्हणतात. शब्दाचा अर्थ "कॉफीच्या आधीचे" असा आहे. काळे-हिरवे ऑलिव्ह, काकडी, टोमॅटो, मध आणि त्यावर कायमाक म्हणजे घट्ट साय, गुलाबाचा किंवा चेरीचा मुरांबा, सिमित म्हणजे तीळ लावलेले कडक, कड्यासारखे पाव, आणि बिनदुधाचा लाल चहा कंबर असलेल्या लहानशा पेल्यात. चीजला ते पेयनिर म्हणतात. आपले पनीर आणि हे पेयनिर शब्दाने भाऊ आहेत, चवीने नाहीत, कारण ते खारट असते. इस्तंबूलमध्ये एक संध्याकाळ हाताशी असेल तर एमिनोन्यूहून बोटीने आशियाच्या बाजूला काडिकोयला जा. तिथे मुसा दाअदेविरेन यांचे चिया नावाचे भोजनालय प्रसिद्ध आहे. अनातोलियातल्या, म्हणजे तुर्कस्तानच्या आशियाई भागातल्या, गावोगावच्या विसरल्या जाणाऱ्या भाज्या आणि डाळी तिथे शिजतात. आणि जेवण आवडले तर वाढणाऱ्याला "एलिनिझे सालिक" म्हणा. तुमच्या हातांना आरोग्य लाभो, असा त्याचा अर्थ आहे. गोझलेमे करणाऱ्या बाईला मी हे म्हणू शकले नाही, कारण तेव्हा मला ते येत नव्हते.

आता सावधगिरीच्या गोष्टी, ज्या खरे तर मी आधी लिहायला हव्या होत्या. मसुराचे सूप, म्हणजे मेर्जिमेक चोर्बासी, दिसायला आपल्या वरणासारखे असते, परंतु ते पुष्कळदा मांसाच्या पाण्यात शिजवतात. पांढरा भात कोंबडीच्या पाण्यात शिजवलेला असू शकतो. म्हणून "एत सुयु वार मी?" म्हणजे मांसाचे पाणी आहे का, आणि "तावुक सुयु वार मी?" म्हणजे कोंबडीचे पाणी आहे का, हे दोन प्रश्न विचारायला शिका. "एतसिझ" म्हणजे बिनमांसाचे. "कियमाली" असे दिसले की थांबा, आपला खिमा हा शब्द त्याच कुळातला आहे. दाना म्हणजे दाणे नव्हेत, ते गोवंशाचे मांस आहे. मांसाहारी असूनही गोमांस न खाणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे. तावुक गोसू नावाच्या दुधाच्या गोड वडीत कोंबडीचे मांस तंतू करून घातलेले असते, आणि काझानदिबी या तशाच गोड पदार्थातही ते असू शकते. त्याऐवजी सुतलाच घ्या, ती तांदळाची खीरच आहे. चीज विरजवण्यासाठी पुष्कळदा प्राण्यांपासून काढलेले एन्झाइम वापरतात, ते ज्यांना चालत नाही त्यांना हे चीज चालणार नाही. कांदा-लसूण वर्ज्य असेल तर मात्र घरच्या मंडळींचे म्हणणे बरेचसे खरे ठरेल, आणि तशा माणसांनी भारतीय जेवणाचीच सहल घ्यावी.

खर्चाचा आकडा मी देत नाही. तिथे महागाईमुळे लिरातले, म्हणजे तिथल्या चलनातले, दर फार वेगाने बदलतात आणि माझे दर २०१९ चे आहेत. न्याहारी बहुधा हॉटेलच्या भाड्यात असते, आणि खाणावळीतले दोघांचे दुपारचे जेवण आम्हाला भारतीय हॉटेलातल्या एका माणसाच्या जेवणापेक्षा स्वस्त पडले, एवढे खात्रीने सांगते.

सहल कंपनीला पैसे भरण्यापूर्वी किती रात्री भारतीय जेवण आहे ते लेखी मागा, आणि निदान इस्तंबूल व कुशादासी इथले जेवण वगळून घ्या. घरच्या थोरल्यांनी दशम्या बांधून दिल्याच तर त्यांना नाही म्हणू नका. त्या जातानाच्या विमानात संपवा आणि उतरल्यावर पहिल्या सकाळी सायीवर मध घालून घ्या.