जिनिव्हा चालेल, मग रविवारचं केंद्र का नको?

प्रश्न : मी चाळीसगाव तालुक्यातल्या एका माध्यमिक शाळेत मुख्याध्यापक आहे. मुलगी पुण्यात बी.ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे, सीजीपीए 7.8. दारूचे दुष्परिणाम कमी करण्यासाठी देशादेशांमध्ये जे धोरणाचं काम चालतं, त्यात तिला जायचं आहे. जिनिव्हाला डब्ल्यूएचओमध्ये, म्हणजे जागतिक आरोग्य संघटनेत, नोकरी लागणार असेल तर माझी ना नाही, उलट अभिमानच वाटेल. पण ती दर रविवारी एका व्यसनमुक्ती केंद्रात जाऊन दारुड्यांमध्ये बसायची. आमच्या घरात कोणी थेंबही घेत नाही. उद्या तिच्या लग्नाचं बघायचं आहे. दिवाळीपासून मी ते जाणं बंद केलं. तिच्या वहीतल्या एका पानाचा फोटो सोबत पाठवतो, म्हणजे ती तिथे कशात वेळ घालवत होती ते तुमच्या लक्षात येईल. डब्ल्यूएचओची परीक्षा कोणती, वयाची अट काय, आणि पुण्यात त्याचा क्लास आहे का?

उत्तर :

सर, आधी त्या फोटोबद्दल बोलतो, कारण तुमच्या पत्रातली मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट तीच आहे.

त्या पानावर उपचाराला आलेल्या एका माणसाची माहिती आहे. नाव नाही, पण धंदा आहे, वय आहे, गावाचा उल्लेख आहे. ते मी इथे लिहीत नाही आणि तुम्हीही कोणाला दाखवायला नको होतं. मुलीला न विचारता तिची वही उघडली, पानाचा फोटो काढला आणि अनोळखी माणसाला पाठवला. शाळेत एखाद्या शिक्षकाने विद्यार्थ्याच्या बाबतीत असं केलं असतं तर तुम्ही त्याला केबिनमध्ये बोलावून घेतलं असतं.

आता त्या पानावर काय आहे ते सांगतो, कारण ते तुम्ही वाचलेलं नाही असं मला वाटतं. पाहिलंत, वाचलं नाहीत.

‘ऑडिट’ नावाची दहा प्रश्नांची एक चाचणी आहे. कोणाचं पिणं धोक्याच्या पातळीला गेलंय हे ओळखण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेनेच ती सहा देशांत अभ्यास करून तयार केली. गुण 40 पैकी मोजतात. आठ किंवा त्याहून जास्त आले तर पुढे बोलायला हवं असं समजायचं. दुसरा प्रश्न असा, की पिता त्या दिवशी साधारण किती ड्रिंक घेता? पर्याय : एक-दोन, तीन-चार, पाच-सहा, सात ते नऊ, दहा किंवा जास्त. तो माणूस म्हणाला, “एकच. एक क्वार्टर.”

तुमच्या मुलीने समासात गणित मांडलं आहे. क्वार्टर म्हणजे 180 मिली. बाटलीवर 42.8 टक्के लिहिलेलं. म्हणजे 77 मिली शुद्ध अल्कोहोल, वजनात साधारण 61 ग्रॅम. या चाचणीत एक ड्रिंक म्हणजे 10 ग्रॅम. खाली तिने लिहिलंय : “तो एक म्हणतो. आपण एक लिहिलं तर पहिला पर्याय. खरे सहा. म्हणजे तिसरा.” आणि त्याच्याखाली, वेगळ्या पेनाने : “हातभट्टीचं काय करायचं? तिच्यावर आकडाच नाही.”

सर, हे पान तुम्ही तक्रारीचा पुरावा म्हणून पाठवलंत. गेल्या काही वर्षांत माझ्याकडे आलेल्या मुलांच्या कागदांमध्ये इतका चांगला कागद मी पाहिलेला नाही. जिनिव्हात बसलेली माणसं नेमकं याच प्रश्नाशी झगडतात. जगात प्यायल्या जाणाऱ्या दारूचा मोठा हिस्सा कुठल्याही सरकारी नोंदीत येत नाही, तो अंदाजाने मोजावा लागतो. आणि नोंदीबाहेरची दारू हा फक्त आकडेमोडीचा विषय नाही. 2015 च्या जूनमध्ये मुंबईत मालवणीला विषारी दारूने शंभरावर माणसं गेली. बी.ए.च्या मुलीला हा प्रश्न रविवारी दुपारी एका माणसासमोर बसून सुचला. क्लासमध्ये तो सुचला नसता.

आता परीक्षेचं. डब्ल्यूएचओची यूपीएससीसारखी प्रवेश परीक्षा नाही, त्यामुळे क्लासही नाही. जागा निघतात तसे अर्ज करायचे असतात. पदव्युत्तर पदवी आणि कामाचा अनुभव पाहतात. शिकत असताना इंटर्नशिप मिळू शकते. यूपीएससी करून आरोग्य मंत्रालयामार्फत तिथवर जाणं हाही एक मार्ग आहे, पण नेमकं हेच खातं वाट्याला येईल याची खात्री कोणी देऊ शकत नाही. आणि ती पेन्शनची कायम नोकरी असते असं तुम्ही धरून चालला असाल तर तसं नाही. बऱ्याच नेमणुका ठरावीक मुदतीच्या असतात. अमेरिकेने 2025 च्या जानेवारीत बाहेर पडायचं जाहीर केल्यावर संघटनेला खर्च आणि माणसं दोन्ही कमी करावी लागली.

तुमच्या पत्रात एक समजूत आहे, ती बऱ्याच पालकांची असते : जिनिव्हात कायदा होतो आणि बाकीचे देश तो पाळतात. तंबाखूच्या बाबतीत त्याच्या जवळ जाणारं काहीतरी आहे. 2003 मध्ये आंतरराष्ट्रीय करार झाला, 2005 पासून तो लागू आहे आणि सह्या करून मान्यता दिलेल्या देशांवर तो बंधनकारक आहे. दारूसाठी असा करार आजही नाही. 2010 मध्ये जागतिक आरोग्य सभेने, म्हणजे संघटनेच्या सदस्य देशांच्या सभेने, एक धोरण मान्य केलं, 2022 मध्ये कृती आराखडा केला. 2010 च्या तुलनेत 2030 पर्यंत घातक मद्यपान किमान 20 टक्क्यांनी कमी करायचं हे त्यातलं एक उद्दिष्ट. पण एखाद्या देशाने काहीच केलं नाही तर त्याला जाब विचारणारं कलम त्यात नाही. 2019 या एका वर्षात दारूमुळे जगात 26 लाख माणसं मेली, त्यातले 20 लाख पुरुष, असा संघटनेचाच अंदाज आहे. इतका मोठा आकडा आणि हातात फक्त शिफारशी. मला हे अन्यायाचं वाटतं, आणि म्हणूनच या क्षेत्रात चांगली माणसं यावीत असंही वाटतं.

मग काम होतं कुठे? एकेका देशात, एकेका राज्यात, आणि बऱ्याचदा कोर्टात. स्कॉटलंडने 2012 मध्ये कायदा केला की ठरावीक किमतीखाली दारू विकायची नाही. व्हिस्कीवाल्यांची संघटना कोर्टात गेली. प्रकरण युरोपच्या न्यायालयात जाऊन परत आलं, आणि कायदा लागू व्हायला 1 मे 2018 उजाडला. पुढे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने हिशेब मांडला, की निव्वळ दारूमुळे होणारे मृत्यू या कायद्यामुळे 13.4 टक्के कमी झाले. वेल्सने 2020 मध्ये आणि आयर्लंडने 2022 मध्ये तसाच नियम लागू केला. देशांमधलं सहकार्य म्हणतात ते बरंचसं असं चालतं : एकाने भांडून करून दाखवायचं, मोजून ठेवायचं, दुसऱ्याने ते उचलायचं. आयर्लंडने बाटलीवर कॅन्सरचा इशारा छापायचं ठरवलं तेव्हा जागतिक व्यापार संघटनेत इतर देशांनी आक्षेप घेतले. म्हणजे या कामाला वकील लागतात, कर आणि व्यापार समजणारे अर्थशास्त्राचे लोक लागतात, संख्याशास्त्राचे लागतात. आणि ‘एकच, एक क्वार्टर’ याचा अर्थ ओळखणारी माणसं लागतात. ती सगळ्यात कमी आहेत.

शिकायला बाहेरच जायला हवं असंही नाही. गोव्यात संगत नावाची संस्था आहे. तिथल्या गटाने सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये येणाऱ्या, धोकादायक पातळीवर पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार भेटींचं समुपदेशन बसवलं. समुपदेशक डॉक्टर नव्हते, मानसशास्त्राची पदवी असलेलेही नव्हते. प्रशिक्षण दिलेली साधी स्थानिक माणसं होती. तीन महिन्यांनी पाहिलं तेव्हा समुपदेशन मिळालेल्यांपैकी 36 टक्के धोक्याच्या पातळीखाली आले होते, न मिळालेल्यांपैकी 26 टक्के. हा अभ्यास 2017 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात आला. त्याचं सगळं बळ आरोग्य केंद्रातल्या खुर्चीवर समोरासमोर बसण्यात आहे. तुम्ही दिवाळीला जी खुर्ची तिच्याखालून काढून घेतली, तीच.

“आमच्या घरात कोणी थेंबही घेत नाही” या वाक्यावर मी बराच वेळ थांबलो. घरात दारू नाही ही चांगलीच गोष्ट आहे, पण त्यात कुठेतरी असं आहे की हा विषय घाणेरडा आहे आणि ज्यांच्या घरात ती घाण आहे त्यांनीच तिच्यात हात घालावा. गडचिरोलीत दारूबंदीसाठी गावोगावच्या बाया उभ्या राहिल्या, डॉ. अभय आणि राणी बंग त्यांच्याबरोबर राहिले. पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचटांनी 1986 मध्ये मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं. यांपैकी कोणाला कोणी ‘दारुड्यांमध्ये बसणारे’ म्हणत नाही. आणि तुम्ही मुख्याध्यापक आहात. तुमच्या शाळेतल्या किती मुलांच्या घरी रात्री काय चालतं हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. सकाळी पहिल्या तासाला डुलक्या काढणारं पोर तुम्ही पाहिलंच असेल.

लग्नाबद्दल एकच सांगतो. या कामामुळे जे स्थळ नकार देईल, त्या घरात तिला सुखाने राहता येईल असं तुम्हालाही वाटणार नाही.

तुमची एक काळजी मात्र रास्त आहे, फक्त तुम्ही ती स्पष्ट लिहिली नाहीत. विशीतली मुलगी अशा ठिकाणी एकटी बसते का, तिच्यावर कोणाचं लक्ष असतं, दिवसभर ऐकलेलं मनात घेऊन ती हॉस्टेलवर परतते तेव्हा तिच्याशी कोण बोलतं? हे प्रश्न विचारायलाच हवेत, आणि ते केंद्रात जाऊन विचारा. एखाद्या रविवारी पुण्याला या, तिच्याबरोबर जा. नीट चालणाऱ्या केंद्रात वरिष्ठ समुपदेशक तुम्हाला अर्धा तास देईल. नाही दिला तर केंद्र बदला, काम बंद करू नका.

पुढच्या शिक्षणाचं म्हणाल तर मुंबईत ‘टिस’मध्ये (टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत) समाजकार्य किंवा सार्वजनिक आरोग्य, पुण्यात कर्वे समाज सेवा संस्था, आणि आकड्यांची आवड खरी असेल तर देवनारची लोकसंख्या विज्ञान संस्था. प्रवेशाचे नियम त्या त्या वर्षी पाहून घ्या; ते तिला तुमच्यापेक्षा लवकर सापडतील. मानसशास्त्राच्या मुलांचं संख्याशास्त्र कच्चं राहतं, ते तिने आत्तापासून पक्कं करावं. पदवीनंतर दोन-तीन वर्षं जिल्ह्याच्या पातळीवर काम करावं. तेव्हाचा पगार कमी असेल, शाळेतल्या तुमच्या नव्या शिक्षकापेक्षाही कदाचित कमी, आणि त्यासाठी तुमची तयारी हवी. जिनिव्हाचा विचार त्यानंतर करा. तोपर्यंत तिला तिथे जावंसं वाटेल की राज्याच्या आरोग्य खात्यात राहून काम करावंसं वाटेल, हे आज तिलाही सांगता येणार नाही. तुम्हाला आणि मला तर नाहीच.

यापुढचं पत्र तिने लिहावं. तुमच्या दीड पानी पत्रात तिचं म्हणणं एका ओळीत आहे.

आणि वही तिला परत द्या. द्यायच्या आधी फोनमधला तो फोटो काढून टाका. माझ्याकडचा मी काढला आहे.