अॅल्युमिनियमच्या चौकटींवर प्लास्टरचे डाग : बिल्डरला लेखी कधी कळवलंत?

इंदूरच्या राजेंद्रनगरच्या एका काकांचं लांबलचक पत्र आलंय. बँकेतून रिटायर झाल्यावर बायपासकडच्या एका मल्टीत (बहुमजली इमारतीत) ४६ लाखांत थ्री बीएचके घेतला. पझेशनच्या दिवशीच दिसलं की पाच अॅल्युमिनियमच्या चौकटींवर (बाल्कनीचे दोन स्लायडिंग दरवाजे, युटिलिटीचा एक, बाथरूमचे दोन) प्लास्टरचे, आपल्याकडचे मिस्त्री ज्याला छपाई म्हणतात त्याचे, वाळलेले थेंब आणि ओघळ आहेत. सुपरवायझर म्हणाला साफ करून देतो. सिमेंट खरवडून निघालं, पण खाली पांढरे खरबरीत चट्टे राहिले ते राहिलेच. आता बिल्डर म्हणतो तुम्ही समाधानपत्रावर (सगळं ठीक मिळालं अशा कागदावर) सही केलीय, अॅल्युमिनियमची गॅरंटी अॅग्रीमेंटमध्ये बारा महिनेच आहे, आमचा विषय संपला. पझेशनला बावीस महिने होत आलेत. काकांचा प्रश्न, केस होऊ शकते का?

होऊ शकते. बिल्डरनं काम नीट करायला हवं होतं हे सांगायला वकील लागत नाही, ते सोडून देऊ. अशी पत्रं मला सारखी येतात, कुणाच्या टाइल्स पोकळ वाजतात, कुणाच्या बाथरूमचा उतार उलटा, आणि प्रत्येक पत्रात एकच गोष्ट गायब असते, ती म्हणजे बिल्डरला लेखी कळवल्याची तारीख. काका, तुम्ही पण लिहिलंय की "आठ-दहा वेळा फोन केले, दोनदा ऑफिसात जाऊन बसलो, चहा पाजून परत पाठवलं". चाळीस वर्षं बँकेत काढलेल्या माणसानं, ज्यानं एकेका व्हाउचरवर सही घेतल्याशिवाय पैसा हलू दिला नसेल, त्यानं स्वतःच्या घराच्या बाबतीत बावीस महिने तोंडी कारभार करावा याचा मला खरंच त्रास झाला.

आता कलम बघा. रेरा म्हणजे बिल्डरांवर नियंत्रण ठेवणारा २०१६ चा कायदा, त्याचं कलम १४ पोटकलम ३. त्यात म्हटलंय की बांधकामाच्या ढाच्यातला दोष किंवा कारागिरीतला, दर्जातला, सेवेतला कुठलाही दोष पझेशनपासून पाच वर्षांच्या आत बिल्डरच्या लक्षात आणून दिला तर त्यानं तो एक पैसा न घेता तीस दिवसांत दुरुस्त करायचा, नाही केला तर तुम्ही भरपाईला पात्र. सगळी गंमत "लक्षात आणून दिला" यात आहे. हे कलम झोपलेलं असतं, तुम्ही कळवलं की जागं होतं, आणि तीस दिवस त्या दिवसापासून मोजायचे. फोनवर कळवलंत हे तुम्ही म्हणणार, बिल्डर म्हणणार फोन आला तो मेंटेनन्सच्या पैशांसाठी, मग बसा.

पण तुमच्या पत्राच्या अगदी शेवटी, "ता. क." म्हणून, तुम्ही एक ओळ लिहिलीय जी खरं तर पहिली असायला हवी होती. पझेशनच्या तिसऱ्या दिवशी सूनबाईंनी बिल्डरच्या ऑफिसच्या नंबरवर चौकटींचे फोटो व्हॉट्सअॅप केले आणि तिकडून उत्तर आलं, "सर, अगले हफ्ते करवा देंगे". काका, तुमची केस या पाच शब्दांवर उभी आहे. बिल्डरला कळवलं, तिसऱ्या दिवशी कळवलं, डाग तेव्हाच होते, आणि त्यानं दुरुस्ती कबूल केली, या चारही गोष्टी त्यातून निघतात. समाधानपत्राला पण हेच उत्तर आहे, कारण समाधान झालेल्या माणसाला कुणी "करवा देंगे" म्हणत नाही.

म्हणून सूनबाईंचा तो फोन आजच्या आज बाजूला ठेवा. विकायचा नाही, एक्स्चेंजमध्ये द्यायचा नाही, रीसेट मारायचा नाही, चॅट डिलीट व्हायची सेटिंग असेल तर बंद करा. नुसते स्क्रीनशॉट प्रिंट करून भागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू आहे, त्याच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र जोडावं लागतं, ज्याच्या ताब्यात फोन आहे त्यानं एक भाग भरायचा आणि जाणकारानं दुसरा. ग्राहक आयोगात पुराव्याच्या बाबतीत थोडी सैल पद्धत असते हे खरं, पण त्या भरवशावर राहू नका.

आता तारखांचं गणित, हे दोनदा वाचा. ग्राहक संरक्षण कायदा २०१९, कलम ६९, तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी. तुमचे डाग पझेशनलाच दिसत होते, त्यामुळे घड्याळ पझेशनपासून चालू झालं असंच धरून चाला. बावीस महिने गेले, दोन उरले. आज नोटीस पाठवली तर तीस दिवस बिल्डरचे, त्यानंतर तुमच्या हातात जेमतेम एक महिना. पंधरा दिवस आणखी "बघतो, मुलाला विचारतो" केलंत तर तो महिना पण अर्धा होईल. उशीर माफ करायची सोय कायद्यात आहे, पण सबळ कारण लागतं आणि "सुपरवायझर आश्वासन देत होता" हे सबळ कारण धरलं जाईल याची खात्री कुणी देऊ शकत नाही. आणि त्या "करवा देंगे"मुळे दोन वर्षं नव्यानं सुरू होतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका, पत्रव्यवहार चालू ठेवल्यानं मुदत वाढत नाही. पुरावा म्हणून तो मेसेज सोन्याचा आहे, मुदतीसाठी नाही.

रेरात तुमच्याकडे जास्त वेळ आहे, पाच वर्षांतली तीन अजून बाकी आहेत, त्यामुळे ग्राहक आयोगाची तारीख हुकली तरी सगळं बुडत नाही. पण तिथे एक गुंता आहे. दुरुस्ती करून द्या असा आदेश हवा तर रेरा प्राधिकरणाकडे आणि भरपाईचा पैसा हवा तर कलम ७१ खालच्या न्यायनिर्णायक अधिकाऱ्याकडे, असे दोन वेगळे दरवाजे आहेत, सुप्रीम कोर्टानं नोव्हेंबर २०२१ च्या न्यूटेक प्रकरणात ही वाटणी स्पष्ट केली. आपलं प्राधिकरण भोपाळला. ग्राहक आयोगात दोन्ही एकाच अर्जात मागता येतं, इंदूरलाच जिल्हा आयोग आहे, तुम्ही दिलेली किंमत पन्नास लाखांच्या आत असल्यानं जिल्ह्यातच बसतं आणि फी हजार रुपये. पाच चौकटींसाठी मी तरी जिल्हा आयोगच निवडीन. दोन्हीकडे एकच मागणी घेऊन पळू नका, कुठूनतरी आक्षेप येतोच.

समाधानपत्राबद्दल फार घाबरू नका. सुप्रीम कोर्टानं ऑगस्ट २०२० मध्ये डीएलएफ सदर्न होम्सच्या प्रकरणात म्हटलंय की घराचा ताबा किंवा रजिस्ट्री हवी म्हणून ग्राहकानं आपल्या भरपाईच्या हक्कावर पाणी सोडावं ही अपेक्षाच रास्त नाही. ते प्रकरण मुख्यतः ताब्याच्या उशिराचं होतं, त्यामुळे तुमच्या चौकटींना ते शब्दशः लागू होईल असं मी छातीठोक सांगणार नाही, पण दिशा तीच आहे. बारा महिन्यांच्या गॅरंटीचं कलम? माझ्या मते कायद्यानं दिलेली पाच वर्षं बिल्डर स्वतःच्या छापील अॅग्रीमेंटनं बारा महिने करू शकत नाही. त्याचा वकील म्हणेल की फिटिंग वेगळी आणि कारागिरी वेगळी. म्हणू दे, कारण तुमची तक्रार फिटिंग खराब निघाल्याची नाहीच, चांगली फिटिंग त्याच्या मिस्त्रीनं खराब केली याची आहे. नोटिशीत हे वाक्य असंच्या असं यायला हवं.

आणि इथे डाग म्हणजे काय ते समजून घ्या, नाहीतर मागणीच चुकीची कराल. हा मळ नाही. ओलं सिमेंट जबरदस्त अल्कली असतं, पीएच बारा-तेराच्या घरात. अॅल्युमिनियमवर अॅनोडायझिंगचा, म्हणजे विजेच्या प्रक्रियेनं चढवलेला, जो संरक्षक थर असतो तो मायक्रॉनमध्ये मोजतात, बांधकामात साधारण पंधरा मायक्रॉन मागतात, म्हणजे केसापेक्षा कितीतरी पातळ. ओला थेंब त्यावर राहिला की थर खातो आणि खालच्या धातूला पण धरतो. सिमेंट निघतं, खाल्लेलं परत येत नाही. म्हणून "साफ करून द्या" अशी मागणी करूच नका, केलीत तर तो माणूस पाठवेल, फडका मारेल आणि काम झाल्याचा कागद पुढे करेल. मागणी "चौकटी बदलून द्या, नाहीतर सेक्शन काढून नव्यानं फिनिश करून द्या, तेही नाही तर खर्च द्या" अशी करा. शिवाय अॅल्युमिनियमच्या दारं-खिडक्यांचं भारतीय मानक, आयएस १९४८, १९६१ सालापासून आहे, त्यात बसवताना ओल्या सिमेंटपासून वाचावं म्हणून पारदर्शक लॅकर लावून द्यायचं आणि काम झालं की काढायचं असं सांगितलंय. म्हणजे हा धोका या धंद्यातल्या माणसांना साठ वर्षांपासून माहीत आहे. तुमच्याकडे साधी टेप पण लावलेली नव्हती असं तुम्हीच लिहिलंय, हे पझेशनच्या फोटोत कुठे दिसत असेल तर तो फोटो वर ठेवा.

आता जे लिहायला मला आवडत नाहीये ते. सहा महिन्यांपूर्वी तुम्ही ओळखीच्या मिस्त्रीला बोलावून युटिलिटीची आणि एका बाथरूमची चौकट तेजाबानं घासून घेतलीत. काका, कशाला? न विचारता, फोटो न काढता, लेखी न कळवता! टाइल्सवरचं सिमेंट काढायचं ऍसिड अॅल्युमिनियमला पण खातं, आणि आता बिल्डर पहिल्याच उत्तरात लिहिणार की सगळं नुकसान तुमच्याच माणसानं केलं. यावर उपाय एकच, लपवायचं नाही. नोटिशीत स्वतःहून लिहा की या दोन चौकटींवर अमुक महिन्यात सफाईचा प्रयत्न झाला, बाकीच्या तीन चौकटींना आमच्याकडून कुणी हात लावलेला नाही आणि डाग तसेच आहेत. मुख्य मागणी त्या तिनांवर उभी करा, दोघांची मागणी व्हॉट्सअॅपच्या जुन्या फोटोंच्या आधारानं वेगळी मांडा. दोनांची भरपाई कापली जाईल अशी तयारी ठेवा. पण पाचही बिल्डरच्या माथी मारायला गेलात आणि उलटतपासणीत तेजाब बाहेर आलं, तर धडधाकट तीनही हातच्या जातील.

नोटीस स्पीड पोस्टानं, पोचपावतीसह, कंपनीच्या रजिस्टर्ड पत्त्यावर आणि साइट ऑफिसवर, शिवाय अॅग्रीमेंटमध्ये दिलेल्या ईमेलवर. प्रोजेक्टचा रेरा नंबर त्यात घाला, मध्य प्रदेश रेराच्या साइटवर सापडतो. सोबत दोन वेगवेगळ्या फॅब्रिकेटरांचे लेटरहेडवरचे एस्टिमेट आणि एखाद्या सिव्हिल इंजिनियरचा छोटा रिपोर्ट, ज्यात त्याच घरातल्या डाग नसलेल्या खिडकीशी तुलना असेल, जमलं तर कोटिंगची जाडी मीटरवर मोजून. रक्कम एस्टिमेटला धरून मागा, मानसिक त्रासाचे पाच-दहा लाख टाकून अर्ज फुगवू नका, किती मिळेल हे मी सांगू शकत नाही पण फुगवलेला अर्ज वाचताना समोरच्याचा चेहरा कसा होतो ते मी पाहिलंय.

किती वेळ लागेल असंही विचारलंत. ग्राहक कायद्यात लिहिलंय की आयोगाची नोटीस बिल्डरला पोचल्यापासून तीन महिने, तपासणी लागली तर पाच. बिल्डरला उत्तराला तीस दिवस आणि वर फार तर पंधरा, त्यापुढे एक दिवस नाही असं पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठानं मार्च २०२० मध्ये सांगितलंय. एवढं सगळं लिहिलेलं असून तारखा पडतातच, कोरम नाही, समोरचा वकील आजारी, फाइल सापडत नाही, आणि रिटायर झालेली माणसं जिने चढून परत उतरतात, हे बघून मला अजूनही संताप येतो. म्हणून पहिल्याच तारखेला तज्ज्ञाकडून चौकटींच्या तपासणीचा अर्ज द्या. दोन वर्षांनी तपासणी झाली तर डाग सिमेंटचे की पावसाचे यावरच वाद घालत बसाल.

आणि नोटीस गेल्यावर सुपरवायझर धावत येईल, बहुतेक ऍसिडची बाटली आणि "काम संतोषजनक" असा छापील कागद घेऊन. बाल्कनीच्या दोन्ही दरवाजांना आणि तेजाब न लागलेल्या बाथरूमच्या चौकटीला हात लावू देऊ नका, काय करणार ते आधी लिहून मागा, आणि कागदावर सही करायच्या आधी मला दाखवा.