कर्नाटकातल्या खानापूर भागातील मराठी शाळांच्या शिक्षकांना मुलांच्या अंगातले पाणी कमी झाल्यास काय करावे, हे कसे शिकवावे?

व्याख्यानापेक्षा हाताने करून घेणे अधिक उपयोगी पडते. प्रत्येक शिक्षकाने शाळेतल्याच भांड्याने १ लिटर उकळून गार केलेले पाणी मोजून त्यात ओआरएसची (जलसंजीवनीची) १ लिटरसाठीची पूर्ण पुडी विरघळवावी, कारण पेलाभर पाण्यात अंदाजाने पुडी टाकण्याची चूक सहज होते आणि मीठ जास्त झालेले पाणी मुलाला अपायच करते. पुडी नसल्यास तेवढ्याच पाण्यात चहाचे ६ सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ घालावे. पोटाची चिमटीत धरलेली कातडी सावकाश खाली बसणे आणि डोळे खोल जाणे ही लक्षणे ओळखायला शिकवावे. मूल सुस्त पडले किंवा पिऊच शकत नसेल, तर वेळ न घालवता रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन करावा. ही माहिती शाळेच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर मराठी व कन्नड या दोन्ही भाषांत लिहावी, कारण अडचणीच्या वेळी मुलाजवळ बऱ्याचदा तिथल्या मावशीच असतात.