पवनचक्की आणि वटवाघळे : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : वटवाघळे अंधारातही अडथळे ओळखतात, मग पवनचक्कीच्या पात्यांना धडकून का मरतात? रात्री चक्क्या बंद ठेवल्या तर वीज किती बुडेल?

उत्तर : लांबून पाते संथ दिसते, पण मोठ्या यंत्रात त्याच्या टोकाचा वेग सेकंदाला 80 मीटरच्या आसपास, म्हणजे ताशी जवळजवळ 290 किलोमीटर असतो. वटवाघळाच्या प्रतिध्वनीचा पल्ला त्यामानाने फार तोकडा. चाहूल लागेपर्यंत पाते अंगावर आलेले असते.

चक्क्या रात्रभर बंद ठेवायची मात्र गरज नाही. जोराच्या वाऱ्यात वटवाघळे फारशी उडत नाहीत, मंद वाऱ्याच्या रात्री घातक. वाऱ्यातली ऊर्जा वेगाच्या घनाच्या प्रमाणात बदलते. सेकंदाला 12 मीटर वाऱ्यात असते त्याच्या जेमतेम 7 टक्के ऊर्जा 5 मीटरच्या वाऱ्यात मिळते. बऱ्याच चक्क्या 3 ते 4 मीटरला वीज देऊ लागतात. वटवाघळांच्या हंगामात सूर्यास्त ते सूर्योदय ही मर्यादा 5 ते 6 मीटरवर नेली, तर मृत्यू साधारण निम्म्यावर येतात आणि वर्षाच्या विजेत सहसा टक्काभर घट होते. एवढी किंमत मोजायलाच हवी, असे आमचे स्पष्ट मत आहे.

चूक होते ती इथे : संगणकात फक्त आकडा बदलतात. जनरेटर वीज देत नाही, पण पाती मोकळी फिरतच राहतात आणि वटवाघळे मरतच राहतात. पाती सुमारे 90 अंशांत वळवून त्यांची धार वाऱ्याकडे केली, तरच चक्र जवळपास थांबते. वाऱ्याचा वेगही क्षणाचा नव्हे, 10 मिनिटांच्या सरासरीचा धरावा. नाहीतर चक्की सारखी चालू-बंद होऊन ब्रेक आणि गिअरबॉक्स झिजतात.

खाली सापडलेली मृत वटवाघळे मोजून हिशेब संपत नाही. काही कोल्हे-कावळे नेतात, काही गवतात दिसत नाहीत. म्हणून आधी मोजून ठेवलेले मृत प्राणी मुद्दाम टाकून, त्यांतले किती सापडतात आणि किती दिवस टिकतात हे तपासावे व त्यानुसार आकडा वाढवावा.

प्रश्न : निकामी पात्यांचे काय करतात?

उत्तर : मनोऱ्याचे पोलाद, तारांचे तांबे सहज वितळवता येते. पात्यात काचतंतू इपॉक्सी नावाच्या राळेत बसवलेले असतात, आणि एकदा घट्ट झालेली इपॉक्सी पुन्हा वितळत नाही. दळले तर तंतू तुटून कमजोर होतात. त्यामुळे तुकडे करून सिमेंटच्या भट्टीत टाकणे हा सध्याचा चांगला मार्ग : राळ इंधन म्हणून जळते, काचेतली सिलिका क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट बनवतात त्या भट्टीतल्या गोळ्यांत, मिसळते.