यीस्टमधील ट्युब्युलिन पाहण्यापूर्वी

मुकुलन करणाऱ्या यीस्टपेशीचे विभाजन अभ्यासताना सर्वप्रथम हे ध्यानात घ्या की येथे केंद्रकाचे आवरण विरघळत नाही. त्या आवरणातच रुतलेल्या दोन ध्रुवपिंडांवर, म्हणजे नलिका जिथून उगवतात त्या ठिकाणी, गॅमा-ट्युब्युलिन हे प्रथिन बसलेले असते आणि अल्फा व बीटा ट्युब्युलिनच्या जोड्या तेथून पुढे जुळत जाऊन सूक्ष्मनलिका, म्हणजे विभाजनात गुणसूत्रे ओढणारी बारीक नळी, वाढते. प्रत्येक गुणसूत्राला बहुधा एकच नलिका धरते, त्यामुळे लहानशी चूकही महागात पडते. नलिका सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात म्हणून हिरवे चमकणारे प्रथिन जोडायचे असेल, तर मूळ अल्फा-ट्युब्युलिन जनुक शाबूत ठेवून त्याच्या जादा प्रतीलाच जोडा. घाईत मी मूळ जनुकच बदलले होते आणि मंदावलेल्या वसाहतींकडे पाहण्यात आठवडा घालवला. बीटाचे प्रमाण वाढवू नका, ते पेशीला घातक ठरते. नवा वाण बेनोमिल या सूक्ष्मनलिका मोडणाऱ्या बुरशीनाशकावर तपासा आणि नमुने बर्फावर ठेवू नका, कारण थंडीत नलिका विघटित होतात.