इमल्शन पॉलिमरायझेशन: सरफॅक्टंट तेवढाच, मग कणांचा आकार वेगळा का?

तुमचा प्रश्न असा: स्टायरीनच्या इमल्शन पॉलिमरायझेशनमध्ये (मोनोमर, म्हणजे सुटे रेणू, पाण्यात विखरून त्यांच्या साखळ्यांचे, म्हणजे पॉलिमरचे, बारीक कण बनवणं) एसडीएस (सोडियम डोडेसिल सल्फेट, हा साबणासारखा सरफॅक्टंट) तेवढाच घेतला, पण एकदा सगळा सुरुवातीला आणि एकदा थोडा थोडा सोडला, तर कणांचा आकार का बदलतो? आणि गुठळ्या कशाने होतात?

माझ्या मते सरफॅक्टंट किती घातला यापेक्षा कधी घातला हे आधी बघा. त्याला दोन कामं असतात आणि ती वेगवेगळ्या वेळी येतात.

पहिलं काम कण जन्माला घालण्याचं. पाण्यात एसडीएस सीएमसीच्या, म्हणजे मायसेल बनायला लागणाऱ्या किमान प्रमाणाच्या, वर गेला (२५ अंशांना साधारण ८ मिलीमोलर) की मायसेल, म्हणजे सरफॅक्टंटच्या रेणूंचे पुंजके, बनतात. मोनोमरचे थेंब मायक्रॉनमध्ये मोजायचे, मायसेल जेमतेम काही नॅनोमीटरचे. पण मायसेल संख्येने इतके जास्त असतात की पाण्यात तयार झालेले मूलक (साखळी सुरू करणारे अतिक्रियाशील तुकडे) थेंबांऐवजी त्यांच्यातच शिरतात आणि तिथे कण सुरू होतो. कण वाढला की त्याचा पृष्ठभाग सरफॅक्टंट ओढून घेतो आणि उरलेले मायसेल मोडतात. बराच मोनोमर शिल्लक असतानाच कणांची संख्या ठरून गेलेली असते. म्हणून सुरुवातीला कमी एसडीएस म्हणजे कण कमी आणि मोठे.

स्मिथ आणि एवार्ट यांनी १९४८ साली मांडलेल्या सिद्धांतानुसार कणांची संख्या सरफॅक्टंटच्या ०.६ घाताच्या प्रमाणात वाढते. म्हणजे दुप्पट सरफॅक्टंट घातला तर कण दीडपट होतात, पण व्यास फक्त १३ टक्क्यांनी घटतो! स्टायरीनला हे बऱ्यापैकी लागू पडतं. व्हायनिल ॲसिटेटसारखा पाण्यात जास्त विरघळणारा मोनोमर असेल तर नाही, कारण तिथे साखळी पाण्यातच वाढून बाहेर पडते आणि मायसेल नसतानाही कण बनतात.

दुसरं काम राखणीचं. १०० नॅनोमीटर व्यासाच्या एक ग्रॅम पॉलिस्टायरीनचा पृष्ठभाग सुमारे ५७ चौरस मीटर भरतो. तो पूर्ण झाकायला पॉलिमरच्या अंदाजे ६ टक्के एसडीएस लागेल. प्रत्यक्षात आपण बरंच कमी घालतो, त्यामुळे कण अर्धवटच झाकलेले असतात. एकमेकांना दूर ठेवणारा ऋणभारही मग बेताचाच असतो. त्यात परसल्फेट (मूलक पुरवणारं रसायन) आणि बफर (पीएच स्थिर ठेवणारा) यांचे क्षार तो भार झाकोळतात. पाण्यात कॅल्शियम असेल तर फारच. मग कण एकमेकांना चिकटतात आणि गुठळ्या होतात. अशा वेळी सोबत थोडा नॉनआयॉनिक (विद्युतभार नसलेला) सरफॅक्टंट घेणं मला पटतं, कारण त्याच्या पाण्यात पसरलेल्या साखळ्यांची आडकाठी क्षारांना सहज दबत नाही.

तेव्हा हवा तो आकार मिळेल एवढाच सरफॅक्टंट सुरुवातीला घ्या, उरलेला कण वाढतील तसा सोडा. मात्र वेग सांभाळा: मोकळा सरफॅक्टंट पुन्हा सीएमसीच्या वर गेला तर नवे बारीक कण जन्मतात आणि लॅटेक्समध्ये (कण विखुरलेल्या दुधाळ द्रवात) दोन आकार दिसू लागतात. मधूनमधून नमुना काढून पृष्ठताण मोजलात तर हे वेळीच कळेल. आणि गुठळ्या दिसल्या तर सरफॅक्टंट वाढवण्याआधी क्षारांचं प्रमाण आणि ढवळण्याचा वेग तपासा.